साठ बोटांची बाई

आज गप्पांची सुरुवात कोड्याने करू. हातातलं निवडणं-टिपणं चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

एक जीव म्हणतो, मला सहा डोळे आहेत, सहा कान आहेत आणि हातापायांची मिळून साठ बोटं आहेत. त्यातली चाळीस माझ्या देहातून ओढून काढली. आता माझ्याजवळ वीसच उरली आहेत. सांगा बरं, मी कोण?

ऐकल्याबरोबर डोळ्यांसमोर काय येतं? एखादी राक्षसीण. आणि चाळीस बोटं ओढून काढली म्हटल्यावर तर अंगावर काटाच येतो. पण बाळंतपणं केलेल्या एखाद्या आजीने उत्तर एव्हाना ओळखलंही असेल. ही आहे जुळ्यांची बाळंतीण. पोटात दोन बाळं होती तेव्हा तीन जीवांचे मिळून सहा डोळे, सहा कान, साठ बोटं. बाळं बाहेर आली, त्यांची चाळीस बोटं गेली. आईची स्वतःची वीस उरली.

बघा, जिला आपण क्षणापूर्वी राक्षसीण समजलो, ती घरातली बाळंतीण निघाली. तिच्यात काहीच बदललं नाही. बदलली ती आपली नजर.

हे कोडं तेराशे वर्षांपूर्वीचं आहे, आणि ते आपल्याकडचं नाही, इंग्लंडमधलं आहे. आज आपण त्या काळातल्या कोड्यांची गोष्ट ऐकणार आहोत. त्या लोकांनी कोड्यांना आपल्या ख्रिस्ती श्रद्धेशी कसं जोडलं, त्यातून कुणाकडे नव्याने पाहिलं आणि कुणाकडे पाहायचं राहूनच गेलं, ते बघू.

पुलावरचा धर्मगुरू

साठ बोटांचं कोडं रचणाऱ्याचं नाव आल्डहेल्म. माल्म्सबरी गावच्या मठाचा तो प्रमुख होता, पुढे बिशप झाला. 709 च्या सुमारास तो वारला. त्याने लॅटिन भाषेत शंभर कोडी रचली. एवढा विद्वान माणूस, पण कोड्यांचे विषय पाहा: मीठ, चाळणी, सूत कातायची चाती, स्वयंपाकाचं भांडं, उशी, मांजर, मेणबत्ती. यातली प्रत्येक वस्तू स्वतःच बोलते. मी अशी आहे, मला असं राबवतात, ओळखा मी कोण. जिच्याकडे दिवसभरात कुणी वळूनही बघत नाही त्या चाळणीलाही त्याने वाचा दिली.

आल्डहेल्मची एक गोष्ट त्याच्यानंतर चारशे वर्षांनी लिहिलेल्या चरित्रात येते. गावातले लोक चर्चमधली प्रार्थना संपली की प्रवचनाला न थांबता घराकडे पळायचे. मग हा वाटेवरच्या पुलावर जाऊन उभा राहायचा आणि लोकांच्या बोलीत गाणी म्हणायचा. गाणं ऐकायला माणसं थांबली, गर्दी जमली, की हळूच त्यात धर्माच्या चार गोष्टी घालायचा. आपल्याकडचे कीर्तनकारही लोकांना असंच गोष्टीत गुंतवून मुद्द्याकडे नेतात.

आल्डहेल्मने एक मोठा ग्रंथ लंडनजवळच्या बार्किंग इथल्या मठातल्या बायकांसाठी लिहिला. त्या मठाच्या प्रमुखाचं नाव हिल्डेलिथ. तेराशे वर्षांपूर्वीच्या बायका म्हटल्या की त्या निरक्षरच असणार, असं आपण धरून चालतो. या बायका लॅटिन वाचत होत्या, आल्डहेल्मला पत्रं पाठवत होत्या. त्यांचा अभ्यास पाहून त्याने त्यांना मधमाश्यांची उपमा दिली. माशी जशी फुलाफुलावरून मध गोळा करते, तशा या पुस्तकापुस्तकातून ज्ञान गोळा करतात, असं त्याचं म्हणणं.

आता तुम्ही विचाराल, धर्मगुरूने कोडी कशाला घालावीत? त्याचं एक कारण बायबलमध्येच सापडतं. ख्रिस्ती धर्माचा मोठा प्रचारक पौल याने करिंथ शहरातल्या लोकांना पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो की आज आपल्याला सगळं आरशात पाहिल्यासारखं अंधुक दिसतं, खरं दर्शन समोरासमोर होईल ते पुढे. त्या काळचे आरसे काचेचे नव्हते, धातू घासून केलेले असत, त्यात चेहरा धूसरच दिसे. आणि ‘अंधुक’ असं आपण म्हणतो तिथे मूळ ग्रीक भाषेत चक्क ‘कोड्यात’ अशा अर्थाचा शब्द आहे. लॅटिन बायबलातही तोच शब्द आला. आल्डहेल्मने आपल्या रचनांना जे नाव दिलं, तेही त्याच शब्दाचं.

म्हणजे या लोकांच्या दृष्टीने सगळं जगच देवाने घातलेलं कोडं होतं. वरवर दिसतं ते काहीतरी असतं, पण ते पुरतं नव्हे. मीठ असो की चाती, थांबून पाहिलं तर तिच्यात आणखी काही सापडेल. कोडं सोडवणं म्हणजे या दुसऱ्या नजरेचा सराव.

कणीक, नांगर आणि कातडं

आल्डहेल्मनंतर लोकांच्या बोलीतही अशी कोडी लिहिली गेली. त्यांचं एक मोठं हस्तलिखित आजही इंग्लंडमधल्या एक्सेटर शहराच्या चर्चमध्ये आहे. 1072 साली वारलेल्या लिओफ्रिक नावाच्या बिशपने ते चर्चला दिलं. मधल्या काळात त्या पुस्तकाची कदर कुणी ठेवली नाही. त्याच्या पानांवर सुरीचे वार आहेत, ओल्या भांड्याचा गोल डाग आहे, आणि शेवटची पानं जळून आरपार भोकं पडली आहेत. पुस्तकाकडे पहिल्या नजरेने पाहिलं की ते असं पाटासारखं वापरलं जातं. तरीही त्यातली नव्वदहून जास्त कोडी आज वाचायला मिळतात. गंमत म्हणजे पुस्तकात उत्तरं दिलेलीच नाहीत.

त्यातली दोन-तीन कोडी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते.

पहिलं. कोपऱ्यात काहीतरी फुगतंय, वर येतंय, अंगावरचं पांघरूण उचलतंय. त्याला हाड नाही. एक मानी बाई येते, ते दोन्ही हातांनी धरते आणि फडक्याने झाकून टाकते. काय असेल? हसलात ना? लग्नघरच्या बायकांची थट्टा ऐकलेल्यांना हसू येणारच. कोडं रचणाऱ्यालाही तेच हवं होतं. उत्तर आहे आंबवून ठेवलेली कणीक. पावाचं पीठ उबेला फुगतं, बाई ते मळते, परत झाकते. जो चावट उत्तर देतो तो फसतो, आणि सगळे त्याच्या मनाला हसतात.

त्या काळच्या इंग्रजीत घरच्या मालकिणीला जो शब्द होता, त्याचा मूळ अर्थ ‘पाव मळणारी’ असा होता. तोच शब्द झिजत झिजत आजचा ‘लेडी’ झाला. आज लेडी म्हटलं की हातात पर्स घेतलेली शहरी बाई डोळ्यांसमोर येते. शब्द उकलून पाहिला तर आत पिठाचे हात निघतात.

दुसरं तर तुम्ही लगेच ओळखाल. माझं नाक जमिनीत खुपसलेलं. मी मातीत खोल जाते. बैल मला ओढतो आणि धनी वाकून माझ्या मागे चालतो. मी गेले की एका बाजूला हिरवं राहतं, दुसऱ्या बाजूला काळं. अर्थात नांगर.

आता तिसरं. यातला जीव सांगतो, शत्रूने मला मारलं, पाण्यात बुडवलं, बाहेर काढून उन्हात टाकलं, माझे केस गेले. मग सुरीने मला खरवडलं, बोटांनी दुमडलं. मग पाखराच्या पिसाने झाडाचा रंग पिऊन माझ्या अंगावर काळी पावलं उमटवली. मला लाकडाच्या फळ्या लावल्या, चामडं चढवलं, सोन्याने मढवलं.

केस, कातडं, सुरी म्हणजे चांभारकाम असणार असं वाटतं. ते खरंच आहे, पण अर्धंच. हे आहे बायबलचं पुस्तक. तेव्हा तिथे पुस्तकासाठी कागद नव्हता. वासराचं किंवा मेंढीचं कातडं भिजवून, ताणून, खरवडून त्याची पानं करत. पिसाची लेखणी असे, आणि शाई झाडावर येणाऱ्या गाठींपासून करत. सोन्याने मढवलेलं पवित्र पुस्तक सगळे डोक्याला लावत. कोडं त्यांना आठवण देतं की याच्या आत एक मारलेलं जनावर आहे आणि कातडं कमावणाऱ्याचे हात आहेत. मारलेला, सोललेला, अपमान झालेला जीवच इथे पूजनीय झाला आहे.

ख्रिस्ती माणसाला यात दुसरंही काही ऐकू येत असणार. येशूला क्रूसावर मारलं. रोमन राज्यात ती मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा, अतिशय लाजिरवाणी. पहिल्या नजरेला तिथे दिसतो तो एक गुन्हेगार. त्याच मरणात देव पाहायला शिकणं, हे त्या श्रद्धेच्या मुळाशी आहे. जन्म गुरांच्या गव्हाणीशी आणि मरण गुलामाचं. म्हणून या लोकांना कोडं परकं वाटलं नाही.

गोठ्यातला गडी

वस्तूंकडे असं पाहणं सोपं आहे. माणसांकडे पाहायची वेळ आली तेव्हा काय झालं?

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर व्हिटबी इथे एक मठ होता. पुरुष आणि बायका दोघंही तिथे राहत, आणि सगळ्यांची प्रमुख होती हिल्ड. जन्म 614 चा, राजघराण्यातला. 657 पासून 680 मध्ये वारेपर्यंत तिने तो मठ चालवला. राजे तिचा सल्ला घेत, पण सगळे तिला हाक मारत ती ‘आई’ म्हणून. तिच्या हाताखाली शिकलेले पाच जण बिशप झाले. ही हकीकत आपल्याला कळते ती बीड नावाच्या साधूने 731 साली पूर्ण केलेल्या इतिहासातून. आपल्या बीड जिल्ह्याशी त्याचा काही संबंध नाही बरं का.

त्या मठाच्या गुरांची राखण करणारा एक उतारवयाचा गडी होता, कॅडमन. जेवणावळीनंतर वाद्य हातोहात फिरे आणि ज्याच्याकडे येईल त्याने गाणं म्हणायचं अशी रीत होती. कॅडमनला एकही गाणं येत नव्हतं. वाद्य जवळ येताना दिसलं की तो उठून निघून जायचा. हळदीकुंकवाला ‘नाव घे’चा आग्रह सुरू झाला की पाणी आणायच्या निमित्ताने आत जाणारी एखादी तुमच्याही ओळखीची असेल.

अशाच एका रात्री तो गोठ्यात येऊन झोपला. स्वप्नात कुणीतरी नावाने हाक मारली, गा म्हणाला. मला येत नाही म्हणून तर इथे आलो, असं हा सांगतो. तरी गा, सृष्टी कशी निर्माण झाली ते गा. आणि झोपेत त्याला गाणं सुचलं. सकाळी उठल्यावरही ते आठवत होतं. तो आपल्या मुकादमाकडे गेला, मुकादम त्याला हिल्डकडे घेऊन गेला.

इथे हिल्डने काय केलं ते पाहा. गोठ्यातला अडाणी गडी म्हणून तिने त्याला हसून परत पाठवलं नाही. चमत्कार झाला म्हणून लगेच पायही धरले नाहीत. तिने विद्वान माणसं बसवली, त्यांच्यासमोर त्याला म्हणायला लावलं. मग त्याला बायबलमधला एक भाग समजावून सांगितला आणि याचं गाणं कर म्हणाली. दुसऱ्या सकाळी तो गाणं घेऊन आला. तेव्हा तिने त्याला मठात सामावून घेतलं आणि बायबलच्या गोष्टी त्याला शिकवायची व्यवस्था केली. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. बीड म्हणतो, तो ऐकलेलं मनात घोळवायचा, गाय रवंथ करते तसा, आणि त्यातून गोड कविता करायचा. इंग्रजी भाषेतल्या ज्या पहिल्या कवीचं नाव आपल्याला माहीत आहे, तो हा गुराखी.

दुसरी नजर म्हणजे डोळे झाकून विश्वास ठेवणं नव्हे. संधी द्यायची, नीट पारखायचं आणि मग जागा करून द्यायची. गटात नवीन, गप्प बसणारी बाई येते, तिच्या बाबतीत आपण यातलं किती करतो?

उत्तरामागे राहिलेली बाई

मैत्रिणींनो, इथवर गोष्ट छान झाली. पण एक्सेटरच्या पुस्तकातलं आणखी एक कोडं सांगितल्याशिवाय ती पूर्ण होत नाही.

त्याचं उत्तर आहे बैल, आणि त्याचं कातडं. जिवंतपणी मी जमीन फोडतो, असं ते सांगतं. मेल्यावर माझ्या कातड्याने कैदी बांधतात, माझ्यातून दारू पितात. आणि कधी दुरून आणलेली एक काळ्या केसांची दासी अंधाऱ्या रात्री मला पाण्यात भिजवते, शेकोटीजवळ ऊब देते, माझ्यात हात घालून मला चोळते. रचणारा तिला मूर्ख, झिंगलेली म्हणतो. ऐकणारे हसतात, बैल, कातडं असं ओरडतात, आणि कोडं सुटतं.

पण ती बाई कोण होती? कोड्यात तिला वेल्श म्हटलंय. वेल्श हे त्या बेटावर आधीपासून राहणारे लोक. नंतर आलेल्यांनी त्यांना ‘परके’ म्हटलं, आणि पुढे त्याच शब्दाचा अर्थ ‘गुलाम’ असा झाला. दिवसभराची धुणीभांडी करून रात्री कातडं मळणारी ही बाई. ज्यांनी बैलाच्या कातड्याला बोलतं केलं, चाळणीला बोलतं केलं, त्यांनी तिला मात्र बोलू दिलं नाही. तिच्याकडे पहिल्या नजरेनेच पाहिलं.

बायबलमध्येही एक कोडं आहे आणि त्यामागेही एक बाई आहे. शमशोन नावाच्या बलवान वीराने आपल्या लग्नाच्या मेजवानीत तीस तरुणांना कोडं घातलं. मेलेल्या सिंहाच्या सांगाड्यात मधमाश्यांनी पोळं केलेलं त्याने पाहिलं होतं, त्यावरचं ते कोडं होतं. पैज होती तीस पोशाखांची. उत्तर येईना तेव्हा त्या तरुणांनी त्याच्या नव्या नवरीला धमकी दिली: नवऱ्याकडून उत्तर काढून दे, नाहीतर तुला आणि तुझ्या बापाच्या घराला जाळू. ती सात दिवस रडली. शेवटी त्याने सांगितलं, तिने त्यांना सांगितलं. पुढे भांडण वाढत गेलं आणि तिच्याच लोकांनी तिला आणि तिच्या बापाला जाळून मारलं. शमशोनचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्या नवरीचं नाव बायबलात दिलेलंच नाही. हे कोडं पुरुषांमधल्या पैजेचं होतं, आणि किंमत मोजली ती तिने.

मग अशा बाईकडे कुणी पाहिलंच नाही का? एकीने पाहिलं. तिचं नाव बाल्टहिल्ड. इंग्लंडमधली ही मुलगी समुद्रापलीकडे, आजच्या फ्रान्समध्ये, स्वस्तात विकली गेली. मोठ्या घरात दासी झाली, आणि पुढे तिथल्या राजाशी तिचं लग्न झालं. राजा वारल्यावर 657 पासून लहान मुलाच्या वतीने तिने राज्य चालवलं. तिचं चरित्र सांगतं, की ख्रिस्ती कैद्यांची खरेदी-विक्री तिने आपल्या राज्यात बंद केली आणि पदरचे पैसे भरून अनेक गुलामांना सोडवलं. त्यात तिच्या मायदेशातली माणसंही होती. तिचाही मृत्यू 680 मधलाच, हिल्डच्याच सालातला. गुलामीची सगळी पद्धत तिने मोडली असं नाही. पण बाजारात उभी केलेली मुलगी तिला नुसती दासी दिसली नाही, कारण त्या जागी ती स्वतः उभी राहिली होती.

आपला उखाणा

उखाणा या शब्दाचा आपल्याकडे जुना अर्थ कोडं असाही आहे. आज मात्र उखाणा म्हटलं की नवऱ्याचं नाव घेणं. ज्या बाईचा नवरा वारला, तिला उखाणा घ्यायला कुणी सांगत नाही. बऱ्याच गावांत तिला हळदीकुंकवालाही बोलावत नाहीत. कपाळाकडे पाहिलं की तिचं कोडं सुटलं, असं सगळ्यांना वाटतं. तिने दुष्काळात जनावरं कशी जगवली, बँकेचं कर्ज एकटीने कसं फेडलं, तिला किती ओव्या पाठ आहेत, हे कुणी विचारत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीसाठी एक काम. प्रत्येकीने आपल्या कामाच्या एका वस्तूवर कोडं रचून आणायचं, ‘मी’ म्हणून बोलणारं. खुरपं, कोयता, दुधाची किटली, शिलाई मशीन, काहीही चालेल. ज्या बाईला कुणी आजवर नाव घ्यायला सांगितलं नाही, तिला पहिलं कोडं घालू द्या. आणि उत्तर सापडलं की एक प्रश्न आणखी विचारा: ही वस्तू कुणाच्या हातात असते, आणि त्या बाईचं नाव काय?